गेल्या वर्षीचा विजेता यादीत का नव्हता

प्रश्न असा होता: ‘उदय मालिका’ ही नवी स्पर्धा, की जुना ‘ध्रुव चषक’च दुसऱ्या नावाने चाललेला? तो माझ्यासमोर आला तेव्हा त्याचे उत्तर मी आधीच पुस्तकात छापून बसले होते.

थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. सिंगल-सीटर म्हणजे एकाच माणसाची, उघड्या चाकांची शर्यतीची गाडी. तिच्या ज्युनिअर स्पर्धा शाळेच्या इयत्तांसारख्या असतात. वरच्या वर्गात गाडीची ताकद वाढत जाते. मात्र या इयत्ता शाळेइतक्या स्थिर नसतात. आयोजक बदलतो, इंजिन बदलते, कधी नावच विकले जाते. सौंसरच्या मराठी शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून मी नागपूरच्या एका प्रकाशकाच्या मोटरस्पोर्ट वार्षिकीचे तक्ते घरून तयार करते. कोणती स्पर्धा कोणत्या ओळीत लावायची, हे मी ठरवते.

एका दुपारी लोधीखेड्याचे खवसे भाऊ मुलीला, रश्मीला, घेऊन घरी आले. रश्मीने उदय मालिकेच्या दुसऱ्या वर्षी अजिंक्यपद मिळवले होते आणि खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीसाठी अर्ज केला होता. स्पर्धा सलग तीन वर्षे झालेली हवी, अशी अट होती. पांढुर्ण्याच्या कार्यालयाने अर्ज परत केला. सोबत जोडलेली झेरॉक्स आमच्याच वार्षिकीच्या पानाची होती. त्या पानावर उदय मालिकेपुढे मी ‘नवी’ असे लिहिले होते, म्हणजे तिची दोनच वर्षे भरत होती. पुन्हा अर्ज करायला पंधरा दिवस होते. वयोमर्यादेमुळे पुढच्या वर्षी तिला संधी नव्हती.

“गाडी तेच, पोट्टे तेच, नियम तेच,” खवसे भाऊ म्हणाले. “अन् बाई, तुमी म्हणून राहिल्या का स्पर्धा नवी हाय.”

“बाबा, बाईंनी फक्त नाव पाह्यलं असन,” रश्मी म्हणाली.

“मंग काय, पत्रिकेतलं नाव वाचून जावई पसंत केल्यावानी झालं.”

मला हसू आले नाही, कारण ते खरे होते. मी पुन्हा तपासते, असे सांगितले. मात्र जे निघेल तेच लिहीन. ते तुमच्या बाजूचे असेलच असे नाही, हेही सांगितले. रश्मीने मान हलवली.

घडले होते ते असे. ध्रुव चषकाच्या आयोजकांत फूट पडली. एका गटाने नाव आणि चषक ठेवला, पण अधिक ताकदीची गाडी आणली. दुसऱ्या गटाने जुन्या गाड्या आणि जुनी वयोमर्यादा ठेवून उदय मालिका सुरू केली. मी नावामागे गेले होते.

या वेळी वहीत दोन रकाने आखले. गाडी, वय, लायसन्सचा दर्जा उदयकडे. नाव, चषक नव्या ध्रुवकडे. गाडी तीच, एवढा पुरावा पुरत नाही, कारण गाडी बदलूनही स्पर्धा चालू राहते. म्हणून माणसे पाहिली. जुन्या ध्रुवच्या शेवटच्या वर्षाची एंट्री लिस्ट, म्हणजे नोंदलेल्या चालकांची यादी, उदयच्या पहिल्या यादीशेजारी ठेवली. बहुतेक नावे जुळली. गेल्या वर्षीचा, म्हणजे जुन्या ध्रुवच्या शेवटच्या वर्षाचा, विजेता मात्र उदयच्या यादीत नव्हता. तो नव्या ध्रुवमध्ये होता.

संपादक वानखेडे यांना फोन केला. ते नाखूश होते. एक तक्ता बदलला की लोक मागचे सगळे उकरतील, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, उकरू द्या.

“ठीक. पण चॅम्पियन तिकडे गेला, त्याचं काय करता?”

तेच शोधते, असे म्हणून मी फोन ठेवला. शुद्धिपत्र छपाईला जायला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी लोधीखेड्याला गेले. रश्मी उदयच्या पहिल्या वर्षीही धावली होती. त्या वर्षाची नियमपुस्तिका तिच्याकडे होती. प्रश्नपत्रिका वाचावी तशी मी ती कलमवार वाचली. पात्रतेच्या कलमात लिहिले होते: मागील हंगामाच्या विजेत्यास प्रवेश नाही. ज्युनिअर स्पर्धांत असा नियम असतो. उत्तीर्ण झालेल्याने त्याच वर्गात बसून दुसऱ्याची जागा अडवू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण ही पुस्तिका पहिल्याच वर्षाची होती. नव्या स्पर्धेला मागील हंगाम कुठून असणार?

कलम जुन्या पुस्तिकेतून नुसते उतरवले असण्याचीही शक्यता होती. ते कोणाला लावले होते का, असे रश्मीला विचारले.

“हो ना बाई. ध्रुवच्या चॅम्पियननं फॉर्म भरला होता. वापस आला त्याचा.”

तिच्याकडून नंबर घेऊन त्या चालकाला फोन केला. तो कोइमतूरला होता. आयोजकांचे पत्र त्याने जपून ठेवले होते. संध्याकाळपर्यंत त्याची प्रत आली. कारण एका ओळीत होते: आपण गतवर्षीचे विजेते आहात. म्हणजे जुन्या ध्रुवचा हंगाम उदयने आपलाच मानला होता. तो उदय सोडून गेला नव्हता. तो पास होऊन वरच्या वर्गात गेला होता, आणि तो वरचा वर्ग म्हणजे नवा ध्रुव. ज्याला मी विरोधी पुरावा मानले होते, तोच सर्वांत भक्कम पुरावा निघाला.

तक्ता दुरुस्त केला, पत्र लिहिले आणि रश्मीसोबत पांढुर्ण्याला गेले. अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद समोर ठेवले.

“मॅडम, किताब भी आपकी, और किताब के खिलाफ चिट्ठी भी आपकी?”

“हो. चूकही माझीच,” मी म्हटले.

त्यांनी कोइमतूरचे पत्र दोनदा वाचले आणि अर्ज दाखल करून घेतला. आठवड्याने रश्मी पात्र ठरल्याचे कळले. पुढची परीक्षा तिची तिने दिली आणि ती रुजूही झाली. नव्या ध्रुवच्या आयोजकांनी मात्र आपला इतिहास कापला म्हणून वानखेड्यांना कडक पत्र लिहिले. त्यांना मी तीच कागदपत्रे पाठवली.

स्पर्धेचे नाव विकत घेता येते, तिची इयत्ता घेता येत नाही, एवढे मी यातून शिकले. तरी माझ्या दुरुस्त तक्त्यावरही विसंबू नका. दोन्ही वर्षांच्या याद्या आणि नियमपुस्तिका शेजारी ठेवून कृपया स्वतः ताडून पाहा.