आयली कांगासच्या गल्लीतला धूर

आयली कांगासचं घर उताराच्या अगदी तळाशी होतं. त्यापुढे रस्ता, रेल्वेचे रूळ आणि मग सरोवर. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या या डुलूथ शहरातलं बर्फ वितळायला लागायचं, त्यातच पावसाची झड आली की आयलीच्या तळघरातल्या मोरीतून काळं पाणी उलटं वर यायचं. दरवर्षी नाही, पण यायचं तेव्हा पुरता उच्छाद मांडायचं.

त्या वर्षी ते सौनाच्या बाकापर्यंत चढलं. ही सौना, म्हणजे वाफेनं अंग शेकायची लाकडी खोली, तिच्या नवऱ्यानं, व्हेइकोनं, स्वतःच्या हातांनी फळी फळी जोडून तळघरात बांधली होती. तो गेल्यावरही आयलीनं शनिवारची सौना चुकवली नव्हती. आता तिथल्या फळ्यांना दुसऱ्यांच्या संडासाचा वास येत होता. आयली शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई, घाणीला भिणारी नव्हती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून, नाकाला रुमाल बांधून ती फरशी घासत राहिली आणि घासता घासता उतारावरच्या एकेका घराचा उद्धार करत राहिली.

तिनं फोन केला तेव्हा शहराच्या ड्रेनेज खात्यातून मार्ली डिफो आली. खांद्यापर्यंतची वेणी, हातात चहाचा थर्मास, आवाजात कसली घाई नाही. तिच्या माणसांनी रस्त्यातलं चेंबर उघडून पाइपात कॅमेरा सोडला.

"मुख्य पाइप मोकळा आहे, काकू," मार्ली म्हणाली. "थोडी गोठलेली चरबी होती, बाळांना पुसायचे ओले रुमाल होते, ते काढले. पण तेवढ्यानं इतकं पाणी उलटत नाही."

"मग कुठून येतं? माझ्या मोरीत काय भूत राहतं?"

मार्ली हसली. "हे बघा, इथलं गटार नुसत्या उतारावर वाहतं. प्रत्येक घरातून एक पाइप येतो आणि रस्त्यातल्या मोठ्या पाइपाला मिळतो. तो मोठा पाइप घातलाय न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघराच्या पाण्यापुरता. पण वर कुणीकुणी छपराची पन्हळ त्यालाच जोडलीय, कुणी तळघरात साचलेलं पाणी उपसायचा पंप. पाऊस आला की पाइप गच्च भरतो आणि पाणी सगळ्यात खालचं तोंड शोधतं."

"म्हणजे माझं घर."

"तुमचं घर. तिथंही मावलं नाही की तसंच्या तसं सरोवरात."

"मग जा ना, तोडा त्यांचे पाइप!"

"रस्त्यातला पाइप आमचा, काकू. घरापासून रस्त्यापर्यंतचा ज्याचा त्याचा. आणि कुणी काय जोडलंय ते आधी कळायला तर हवं. आमची पत्रकं लोक न वाचताच टाकून देतात. शेजारणीनं सांगितलं तर कदाचित ऐकतील."

आयलीनं वेलची घालून पुल्ला हा गोड पाव भाजला, त्याच्या वेण्या फडक्यात गुंडाळल्या आणि उतार चढायला लागली. मधल्या घरातला कर्टिस, नुकताच बाप झालेला पोरगा, मान खाली घालून "बघतो, काकू" म्हणाला. बाकीच्यांनी पाव घेतला आणि हवापाण्याच्या गोष्टी केल्या. सगळ्यात वर रेइनो लाहती राहायचा. तो आणि व्हेइको बंदराच्या धक्क्यावर जन्मभर बरोबर राबलेले.

"पाणी खालीच जाणार, आयली," तो म्हणाला. "त्यात माझा काय दोष? घर वर घ्यायचं होतंत."

"घर घेताना व्हेइकोला कोण म्हणालं होतं, सरोवर जवळ हवं म्हणून?"

"मग आता तर घरातच आलंय की!" रेइनो स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला.

आयलीनं त्याच्या हातातला पाव काढून घेतला आणि परत फिरली. त्यानंतर वसंतभर ती ज्याला त्याला टोचून बोलत राहिली. लोक तिला लांबून बघून रस्ता बदलायला लागले.

जूनमध्ये मार्ली परत आली, ती धुराचं यंत्र घेऊन. चेंबरच्या तोंडावर पंखा बसवायचा आणि पाइपात निरुपद्रवी पांढरा धूर सोडायचा. जिथं पावसाचं पाणी गटारात शिरतं, तिथूनच धूर बाहेर पडतो. तशा सूचना दारोदार लावल्या होत्या. रेइनोनं आपली सूचना वाचलीच नव्हती.

पंखा घरघरला. छपरांवरच्या हवेच्या नळ्यांतून धूर निघाला. ते ठीकच होतं, तो तिथून निघायचाच. मग कर्टिसच्या पन्हळीतून निघाला. मग वर रेइनोच्या घराच्या चारही कोपऱ्यांतून असा काही उसळला, की घर उकळतंय असं वाटावं. रेइनो पँटचे खांद्यावरचे पट्टे लोंबकळत बाहेर धावला आणि बागेतला पाइप धरून स्वतःच्याच भिंतीवर पाणी मारायला लागला.

"आग! अरे बघताय काय, आग लागलीय!"

सगळी गल्ली हसली. सगळ्यात जास्त आयली हसली, कुंपणाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काकू," कर्टिस हळूच म्हणाला, "मागे बघा."

तिच्या स्वतःच्या लायलॅकच्या फुलझुडपातून, छपराचं पाणी उतरवणारा नळ जिथं जमिनीत शिरत होता तिथून, पांढरा धूर संथपणे वर चढत होता.

आयलीचं हसू ओठांवरच विरलं. तो नळ ती रोज बघत होती. तो पुढे कुठं जातो, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. म्हणजे आपल्याच छपराचं पाणी आपल्याच तळघरात येत होतं आणि आपण मात्र साऱ्या गल्लीला शिव्या घालत होतो! कानशिलं तापली. कुणाकडे बघावं ते कळेना.

रेइनो खाली आला. त्याचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता. त्यानं झुडपाकडे पाहिलं, पण या वेळी तो हसला नाही.

"हा आम्ही दोघांनीच जोडलाय," तो म्हणाला. "मी आणि व्हेइकोनं. तेव्हा सगळे असंच करायचे गं. घराच्या पायात पाणी मुरू नये म्हणून."

आयली तशीच घरात गेली. आता ती दिवसभर बाहेर येत नाही, असंच सगळ्यांना वाटलं. ती आली, तर हातात व्हेइकोची करवत घेऊन. झुडपात घुसून तिनं नळ कापायला सुरुवात केली. पाती अडकत होती, पण ती थांबेना.

"सरक," रेइनो म्हणाला. "जोडला मी, कापतोही मीच."

"आणि तुझे कोण कापणार?"

"तू ये की. करवत घेऊनच ये."

त्या उन्हाळ्यात गल्लीत करवतींचा आवाज घुमत राहिला. नळांची तोंडं बागेकडे वळली, घराघराशी पाण्याची पिंपं आली. रेइनोच्या पंपाचं पाणी अंगणात काढायला चर खणावा लागला, तो कर्टिसनं खणून दिला. आयली आता टोचून बोलत नव्हती. पण बेकनची चरबी मोरीत ओतताना कुणी दिसलं की ती दारातूनच ओरडायची, "डब्यात गोठव आणि कचऱ्यात टाक, बाई!" ओल्या रुमालांवरून कर्टिसच्या बायकोशी तिचा जोरदार वाद झाला. पाकिटावर छापलंय म्हणून ते पाइपात विरघळतात थोडेच? अखेर त्यांच्या न्हाणीघरात झाकणाचा डबा आला. दोन घरं मात्र ऐकेनात. त्यांच्या दाराशी आयली अधूनमधून जात राहिली.

पुढच्या एप्रिलमध्ये बर्फ आणि पाऊस एकदमच आले. आयली दुपारभर तळघराच्या पायरीवर बसून होती. मोरी गुडगुडली. काळं पाणी जाळीपर्यंत चढलं, तिथं थरथरत थांबलं. वर फोन वाजला, तशी ती पायऱ्या चढून गेली.

"आलं का?" रेइनोनं विचारलं.

"जाळीपर्यंत आलंय. थांबलंय."

फोन कानाशी धरून दोघंही वाट बघत राहिली. मग खालून गळगळ आवाज आला. पायऱ्या उतरून आयलीनं वाकून पाहिलं, तर पाणी उतरत होतं. परत येऊन तिनं तसं सांगितलं.

"माझ्या अंगणात मात्र तळं झालंय," रेइनो कुरकुरला.

"मग बदकं पाळ," आयली म्हणाली आणि भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला.

आता दुसऱ्या गल्लीत धूर सोडायचा असला की मार्ली आधी आयलीला फोन करते आणि आयली दारोदार सांगायला जाते. परवा पूर्वेकडच्या चढावर एका गृहस्थानं साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"माझं छप्पर, माझं पाणी," तो म्हणाला. "तुम्हाला काय त्याचं?"

"माझ्याही छपराचा नळ गटारातच जात होता," आयली म्हणाली. "चढ फार आहे हो तुमचा. कॉफी आहे का घरात?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या फडक्यातल्या पावाकडे पाहिलं, आणि साखळी काढली.