माठातलं निकेल

धातूंच्या मनातलं ओळखणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच असावा, आणि तो दहावी नापास आहे. आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. प्राचार्यांपासून सगळे त्यांना मामाच म्हणत. घरात बोलणं तेलुगू, तरुणपण सूत रंगवण्याच्या कारखान्यात गेलेलं, त्यामुळे रंग म्हणजे त्यांच्या नात्यातलाच. त्यांच्या मते तांबं भोळं, कोबाल्ट मात्र मानी. "ॲसिड दिलं की निळं, पाणी पाजलं की गुलाबी. जावयासारखं हाय त्याचं," असं म्हणत ते कोबाल्टच्या बाटलीला खरोखरच वरच्या फळीवर मानाची जागा देत. एखाद्या बाटलीवरची चिठ्ठी निघालेली असली, तर ती उजेडात धरून आतल्याचं नाव सांगत. एकदा त्यांचं चुकलं होतं म्हणतात, पण ते पाहिलेलं कोणी मला भेटलं नाही.

माझ्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पहिल्याच प्रॅक्टिकलला मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घातला, तर फिकट निळा गाळ आला. बिघडलं असं समजून मी सगळं गुपचूप बेसिनमध्ये ओतलं. दुसऱ्यांदाही ओतलं. तिसऱ्यांदा मामा आडवे आले. "अगं पोरी, आधी दूध फाटल्यासारखं व्हायचंच. अजून घाल की." मी घातला. गाळ विरला आणि असा गडद निळा रंग आला, की डोळ्यांतल्या पाण्याचा दोष मला अमोनियावर ढकलावा लागला.

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात मी निकेलचं एक कॉम्प्लेक्स बनवलं. मधे निकेलचा अणू, भोवती त्याला धरून बसलेले दुसरे. ते नेमके कसे बसलेत हे कळायला एक तरी स्वच्छ स्फटिक हवा होता, नाहीतर प्रकल्प अर्धाच राहणार होता. पण एप्रिलच्या उन्हाळ्यात द्रावक भराभर उडून जाई आणि तळाला नुसतं पीठ उरे. चार वेळा पीठच. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आता पूड मिळाली असंच लिहू या."

मामांनी माझ्या हातातली नळी घेतली, तोंडाला फॉइल लावली आणि सुईने एकच भोक पाडलं.

"पुस्तकात चार लिहिलीत," मी भीत भीत म्हटलं.

"पुस्तक लिहिणारा कुटला? हितं सोलापूर हाय."

मग ओल्या वाळूने भरलेल्या माठात नळी पुरून ते सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडू लागले. मला बघायला बंदी. "सारखं बघितलं की दाणा लाजतो." महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते. रजा शिल्लक होती, तरी माठासाठी रोज आले.

शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतः नळी काढली. तळाशी हिरवा, धारदार कडांचा एकच स्फटिक होता.

तो क्ष-किरण तपासणीला पाठवला आणि रचनेचं चित्र जूनमध्ये आलं. मी मोबाइल घेऊन त्यांच्या घरी गेले. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मधला आपला निकेल. आन् हे सहा जण?"

"त्याला धरून आहेत. ते असे बसलेत म्हणूनच तो हिरवा दिसतो, मामा."

"असं हाय व्हय." ते थोडं हसले. "मला इतकी वर्षं वाटायचं, रंग आपल्या हाताच्या गुणानं येतो."

त्यांनी मोबाइल परत दिला, आणि चहा होईपर्यंत पुन्हा मागून घेतला.