बिननावाचे फर्मे

११ मार्च, मंगळवार. मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानाच्या खात्यात त्या सकाळी एक लाख बारा हजार चारशे पंच्याहत्तर शिल्लक होते. दुपारी दोनच्या आत त्यातले नव्वद हजार हॉस्पिटलच्या खिडकीवर भरून झाले. आकडे मला ठाऊक आहेत, कारण त्यांचं कराचं विवरण दरवर्षी मीच भरतो आणि त्या दिवशी त्यांच्या पत्नीबरोबर, म्हणजे वहिनींबरोबर, बँकेतही मीच गेलो होतो.

मास्तर कटिंगच्या टेबलाशी उभे असताना कोसळले. उजव्या हातात मोठी कात्री होती आणि ती त्यांनी पडतानाही सोडली नाही. काजं-बटणं करणाऱ्या मावशी अजून सांगतात, "बोटं सोडवायला दोन माणसं लागली. मला वाटलं, कात्री मी पळवीन म्हणून घट्ट धरलीय." डॉक्टर म्हणाले, अर्धांगाचा झटका. जीव वाचला. बोलणंही हळूहळू बरंचसं परत आलं. उजवा हात मात्र दुसऱ्या कुणाचा असावा तसा अंगाशी लोंबत राहिला.

आमचं ऑफिस त्याच इमारतीत, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माझ्या पँटी बावीस वर्षं मास्तरच कापत आले, त्यामुळे त्यांचा स्वभाव मला चांगला माहीत. कात्री कुलपात. टेप खिशात घालून घरी. चिंध्यांच्या पोत्यालासुद्धा ते स्वतःची अशी एक गाठ मारत, म्हणजे कोणी सोडली तर सकाळी कळावं.

"मास्तर, चिंध्या चोरून मी काय बंगला बांधणार आहे का?" मावशी विचारायच्या.

"बंगला नाही. उशी भराल."

सगळ्यात जास्त राखण फर्म्यांची. कायमच्या गिऱ्हाइकाची पँट एकदा मनासारखी बसली की मास्तर त्या मापाचा खाकी कागद कापून ठेवत. पुढच्या वेळी माप घ्यायचं कामच नाही. फर्मा कापडावर ठेवायचा, खडू फिरवायचा, कापायचं. भिंतीवरच्या लोखंडी दांडीला असे दीडशे तरी फर्मे टांगलेले होते आणि एकावरही नाव नव्हतं. कुठे कोपऱ्याला दोन भोकं, कुठे टोक छाटलेलं. कुठला कोणाचा, ते फक्त मास्तरांना कळायचं.

मी एकदा म्हटलं, "नाव लिहिलंत तर शाई किती संपेल?"

"हिशेबनीस, नाव लिहिलं की फर्मा माझा राहिला नाही. उद्या एखादा कारागीर फुटला तर अख्खी दांडी काखेत मारून चालता होईल."

ही खात्री कुठून आली, ते वहिनींकडून कळलं. मास्तर स्वतः असेच फुटले होते. ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांची तीस गिऱ्हाइकं पाठ करून बाहेर पडले आणि हे दुकान काढलं. आपण ज्या वाटेने आलो, तेवढी एक वाट त्यांनी पक्की बुजवून टाकली होती.

मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा दुकान चालवायला वहिनींचा धाकटा भाऊ आला. कपड्यांच्या कारखान्यात कटर. बिनपगारी रजा टाकून आला. हसतमुख, कामाला वाघ.

"दाजी, तुम्ही फक्त बरे व्हा. दुकान मी बघतो."

मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. तो गेल्यावर एकेक शब्द जुळवत मला म्हणाले, "बघतो म्हणाला. किती दिवस, ते नाही म्हणाला."

मेव्हण्याची पहिली अडचण ती दांडी. कुठला फर्मा कोणाचा हे कळेना, तेव्हा त्याने जुन्या गिऱ्हाइकांची नव्याने मापं घ्यायला सुरुवात केली. लोक कुरकुरले. त्यात कारखान्याचा हात. तो माणूस कापायचा नाही, नंबर कापायचा. माझी पँट त्याने शिवली आणि पहिल्याच दिवशी खुर्चीत बसताना मागची शिवण बोलली. मावशींनी ती उसवून पुन्हा मारून दिली. "त्याचा दोष नाही हो. कारखान्यात माणसंच नसतात. छत्तीस असतो, अडतीस असतो, चाळीस असतो."

एकदा मेव्हणा फर्म्यांचं भेंडोळं घेऊन घरी आला. एकेक फर्मा मास्तरांसमोर धरून विचारत राहिला. मास्तर मान हलवत राहिले. आठवत नाही. वहिनींचे डोळे भरले. अशा आजारात स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

दोन-तीन दिवसांनी मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी औषधं आणायला बाहेर पडल्या होत्या. मास्तरांनी मला जवळ बोलावलं.

"आठवतंय. सगळे फर्मे आठवतायत."

"मग सांगत का नाही? गिऱ्हाईक तुटतंय तुमचं."

"हात गेला. आता माझ्याकडे एवढंच उरलंय. हे दिलं की दुकान त्याचं आणि मी पलंगावरचा पाहुणा." दम घेतला. "तुम्ही रोज चहाला खाली जाता ना? डोळे उघडे ठेवा."

मी ठेवले, आणि जे दिसलं ते बरं नव्हतं. दुकानात खाकी कागदाचा नवा गुंडाळा आला होता. एका दुपारी मेव्हणा जुन्या फर्म्यांवरून पेन्सिल फिरवत नवे कापत होता. मला पाहून म्हणाला, "जुने फाटायला लागलेत, म्हणून." फाटलेला एकही मला दिसला नाही. पुढच्या आठवड्यात तो मागच्या गल्लीत भेटला. एका रिकाम्या गाळ्याचं शटर अर्धं वर होतं आणि हा आत टेप लावून रुंदी मोजत होता.

"मित्रासाठी बघतोय," म्हणाला.

मित्राच्या गाळ्याची रुंदी कोणी पाठ करत नाही. हा ओठ हलवून करत होता. मी मास्तरांना जसं पाहिलं तसं सांगितलं.

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींकडे रद्दीची वर्तमानपत्रं आणि स्वयंपाकघरातली कात्री मागितली. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलंय, म्हणाले. बाईंनी फक्त रबरी चेंडू दाबायला सांगितला होता.

त्यांनी डाव्या हाताने कापायला सुरुवात केली. पहिले काही दिवस कागद कापलाच जाईना, पात्यांमध्ये दुमडून बसायचा. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी घडवलेली. ती डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून फाकतात. अंगठा आत रेटून ती जुळवून धरायची, असं त्यांनी स्वतःच शोधलं. अंगठ्याला घट्टा पडला. सुरुवातीचे कागद उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसत. मग कडा सरळ व्हायला लागली. गळलेला खांदाही त्या जोराने थोडा उचलला गेला. उशीला टेकून बसणारा माणूस पलंगाच्या काठावर पाय सोडून बसू लागला, मग टेबलाशी उभा राहू लागला.

आणि ते कापत होते ते फर्मेच. डोळ्यांसमोर गिऱ्हाईक आणायचं, वर्तमानपत्राची पानं चिकटवून पूर्ण मापाची पँट कापायची आणि तोंडाने पुटपुटायचं. "शाळेतले सर. डावी मांडी जाड." "कंपाउंडर. पोट पुढे, कंबर मागे." एकदा माझ्या देखतच म्हणाले, "हिशेबनीस. बसून बसून बैठक पसरलेली."

"हे मनात म्हटलंत तरी चालेल."

"मनात म्हटलं तर हाताला ऐकू जात नाही."

कापलेले फर्मे गादीखाली जात. एका संध्याकाळी मास्तरांनी मला दार लावायला सांगितलं.

"फर्मे कमी होतायत. इथे येतं कोण? मी, ही आणि तुम्ही."

आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी बॅग पलंगावर उपडी केली. डबा, छत्री, चष्म्याचं घर. त्यांनी चष्म्याचं घरसुद्धा उघडून पाहिलं.

"मग हीच," ते म्हणाले.

"वहिनी? काहीतरीच काय!"

"भाऊ कोणाचा आहे?"

मास्तरांनी सापळा लावला. एक फर्मा मुद्दाम चुकीचा कापला, एक पाय चांगला चार बोटं आखूड, आणि वहिनी ऐकतील अशा बेताने म्हणाले, "पोस्टमन." मला सांगितलं, "उद्या चहाच्या वेळी नका जाऊ. जेवणाच्या सुट्टीत जा. तो बाहेर जेवायला जातो तेव्हा. फर्मा तिथे पोचलाय का, ते बघा."

गेलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत पाहिलं तर कटिंगच्या टेबलावर वर्तमानपत्राचा फर्मा पसरलेला, शेजारी खाकी फर्म्यांची चळत, आणि वहिनी नि मावशी एकेक खाकी फर्मा त्यावर ठेवून पाहत होत्या.

"हा पोस्टमन कसा असेल?" मावशी म्हणत होत्या. "लंगडतो का तो?"

"काल चांगलं मोठ्याने म्हणाले, पोस्टमन."

"मोठ्याने म्हणाले? मग झालं. मास्तरांना वास लागलाय."

वहिनींनी मला पाहिलं. दचकल्या वगैरे नाहीत. "या भाऊजी. पाळत ठेवून दमला असाल. पाणी देऊ?"

दांडीवरच्या बऱ्याचशा फर्म्यांच्या भोकांत पांढरा दोरा ओवलेला होता. मास्तर कापताना नाव पुटपुटत ते वहिनी दाराआडून ऐकत. तो कागद उचलून इथे आणत, आणि ज्या खाकी फर्म्याशी जुळेल त्यात दोरा ओवत. नाव कुठेही लिहिलेलं नाही. दोघींच्या तोंडपाठ.

"भावाला सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याला सांगायचं असतं तर तो बाहेर जायची वाट कशाला बघितली असती? मागच्या गल्लीतल्या गाळ्याचं मलाही कळलंय. तुमच्या आधी."

आता हे मास्तरांना कोणत्या शब्दांत सांगावं, या विचारात मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. गरज पडली नाही. वहिनींनी तो आखूड पायाचा फर्मा आधीच पलंगावर आणून ठेवला होता.

"पोस्टमनचे दोन्ही पाय सारखे आहेत," त्या म्हणाल्या.

"चोर," मास्तर म्हणाले. आजारपणानंतर इतका स्पष्ट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"हो, चोर. त्या दिवशी तुम्ही गेला असतात तर माझ्या हाती काय राहिलं असतं? दांडीवरची रद्दी. तीस वर्षं डबा पाठवला, तुम्ही एक नाव सांगितलं नाहीत."

"तुझा भाऊ..."

"माझा भाऊ वेगळं दुकान काढतोय. तुमच्यासारखाच आहे तो, म्हणून त्याला काही बोलले नाही. आता तुमचा डावा हात कात्री धरेल. कापड कोण धरणार? टेप कोण लावणार? सांगा, कोणाला ठेवताय? परक्याला?"

मी जायला उठलो तर मास्तरांनी हातानेच बसा म्हटलं. बहुतेक साक्षीदार हवा होता. बराच वेळ ते त्या फर्म्याची कडा अंगठ्याने चाचपत राहिले.

"कडा सरळ आलीय," शेवटी म्हणाले.

"आलीय."

"किती राहिलेत?"

"साठेक."

"उद्या मला दुकानात ने. शटर खाली ओढून."

दुसऱ्या दिवशी मास्तर काठी टेकत दुकानात आले. मेव्हणा सूत आणायला बाजारात गेला होता. त्याला वहिनींनीच पाठवलं होतं. मास्तर स्टुलावर बसून दांडीवरच्या सगळ्याच फर्म्यांची नावं सांगत गेले आणि वहिनी जाड पेनाने लिहीत गेल्या. नाव फर्म्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, एवढी अट मास्तरांनी घातलीच. शेवटचे दोन फर्मे त्यांनी मांडीवर ओढून घेतले. "हे नाही सांगणार."

"नका सांगू. ते मला कधीचेच जुळलेत."

मावशींना हसू आवरेना. मास्तरांनी दोन्ही फर्मे मुकाट्याने टेबलावर ठेवले.

मेव्हण्याने ऑगस्टमध्ये मागच्या गल्लीत दुकान थाटलं. सांगायला तो स्वतः आला, हे मला त्याच्याबद्दल नोंदवलं पाहिजे. मार्च ते ऑगस्ट दुकानाचं शटर रोज वर गेलं ते त्याच्यामुळे, हेही.

"दाजी, राग धरू नका."

"राग नाही. मीही असाच गेलो होतो. किती गिऱ्हाइकं नेलीस?"

"अकरा."

"बारा. बँकेतला शिपाई धरला नाहीस."

तो ओशाळून हसला आणि पिशवीतून एक कात्री काढली. कारखान्याच्या व्यापाऱ्याकडून आणलेली, डावखुऱ्यांसाठी घडवलेली. मास्तरांनी ती कापडाच्या तुकड्यावर चालवली. एका दमात आरपार गेली. त्यांनी पाती उजेडात धरली, खिळा पाहिला, मग मेव्हण्याकडे पाहिलं.

"एवढा चांगुलपणा कशाला?"

"ताईने सांगितलं होतं."

वहिनींनी खरंच सांगितलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मास्तरांनाही नाही. मी एकदा विचारून पाहिलं तर म्हणाले, "तिला विचारलं तर ती हो म्हणेल. त्याला विचारलं तर तो हो म्हणेल. मग विचारून उपयोग काय?"

दुकान आता बरं चाललंय. पूर्वी दिवसाला दहा पँटी कापल्या जात, हल्ली चार होतात. वहिनी टेप लावतात, कापड ताणून धरतात, आणि गिऱ्हाईक आत आलं की मास्तरांच्या आधी त्यांनाच त्याचं नाव आठवतं. माझी नवी पँट नीट बसली. मास्तर दुपारी दोनदा मागच्या गल्लीतून पाय मोकळे करून येतात. व्यायाम म्हणून, असं सांगतात.

मास्तरांनी किंमत विचारली तेव्हा कात्रीचे मेव्हण्याने चौदाशे साठ सांगितले. मास्तरांच्या अंदाजाने तिची किंमत हजाराच्या वर नाही. त्यांनी हजार मोजून दिले आणि पावती मागितली. मेव्हणा म्हणतो, त्या बाजारात पावती देत नाहीत. चारशे साठ बाकी आहेत.