वाळूच्या दमाचे खोटे आकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला तर वाटायचं, मी खोटं बोललो की माझे कान लाल होतात — बिचारी!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. नंदुरबारहून कोरीट गावाकडं जाताना लागणाऱ्या तापीच्या वाळूत एका झोपडीत मला प्रयोगावर बसवलं होतं. एकट्याला. काम काय, तर जमिनीचा श्वास मोजायचा. हसू नका! वाळूवर डबा पालथा घालायचा, आत चुन्याच्या निवळीची वाटी. जमीन दम सोडते तशी निवळी दुधाळ होते. किती दुधाळ, ते तपासून आकडा वहीत लिहायचा. सहा डबे उघड्या वाळूत, सहा टरबुजाच्या वेलांत. मुळं असली, ओल असली की दम वाढतो. नुसत्या तापलेल्या वाळूत तो जेमतेमच.

वेल झुलाल आबांचे. नदीच्या पात्रात दरसाल वाडी लावायचे, त्यावरच त्यांचं वर्ष निघायचं. "जमीन बी दम ली ऱ्हायनी का, भाऊ?" असं म्हणून पहिल्या दिवशी खो-खो हसले होते. ऊन कलल्यावर तेही गावात जायचे. मग मी आणि बारा डबे.

एकटेपणा माणसाचं काय करतो, ठाऊक आहे? मी डब्यांना नंबरानं हाका मारायला लागलो होतो. एका सकाळी असह्य झालं. उठलो आणि सरळ नंदुरबार गाठलं. तीन दिवस स्टेशनसमोरच्या हॉटेलात चहा पीत बसलो. माणसं भांडताना ऐकायची होती, बाकी काही नाही. परत आलो आणि तीन दिवसांचे आकडे मनानंच भरले — मागच्या आठवड्यासारखे.

पण मी नसताना नदीवर अवकाळी सर पडून गेली होती. नंदुरबारात थेंब नव्हता, आणि इथली वरची वाळू तोवर वाळलेली. मला काय कळणार! दुसऱ्याच दिवशी माझे वरचे साहेब तपासणीला आले. हातानं वाळू उकरली, तर खाली चांगली ओल. "पाऊस पडला, वेल तरारले, आणि तुमचा आकडा जागचा हलला नाही? कसं काय?"

मी तोंड उघडलं. आणि काय निघालं त्यातून? — "वाडीवाले म्हातारे डबे हलवतात, साहेब."

साहेबांनी तलाठ्याला सांगितलं. डबे हलवले म्हणून आबांना हुकूम सुटला — दोन दिवसांत वाडी काढायची. वेलांना मुठीएवढी फळं धरली होती. ते दोन दिवस माझ्या हातात होते. एक वाक्य बोलायचं होतं, एकच. नाही बोललो. नोकरीची भीती होती — होतीच, पण त्याहून जास्त लाज.

आबांनी आपल्या हातांनी वेल उपटले. मी झोपडीच्या दारातून बघत होतो. काम संपल्यावर ते माझ्याकडं आले. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

"पानी पडना तवय वारा भलता सुटना व्हता," ते म्हणाले. "डबा उडी जातीन म्हनीसन दगड ठेवात मी त्यास्वर. मन्हं चुकनं, भाऊ."

मी म्हणालो, "असू द्या, आबा. मी मनात ठेवणार नाही."

त्यांनी हात जोडले.