एका गोलने पुढे

आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ फार वाईट नव्हता, आणि हीच खरी पंचाईत होती. अगदीच वाईट असता तर कुणीतरी कीव केली असती. चांगला असता तर पेपरात फोटो आला असता. आम्ही मधले. दरवर्षी दोन-तीन सामने जिंकायचे, मग कॅम्पातल्या एखाद्या बड्या कॉलेजकडून मार खायचा आणि वडापाव खाऊन बसने परत यायचं. मी तिथे क्रीडाशिक्षक होतो. नोकरी हडपसरला, राहायला शनिवार पेठेत. शेजारचे गृहस्थ एकदा म्हणाले, "आपण नक्की काय शिकवता?" खेळ शिकवतो म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि पगार कशाचा मिळतो?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हडपसरच्या शेतांवर काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि घरोघरी एकच मंत्र चालू होता, कॉम्प्युटर. आमच्याकडे मुलांकडून जिमखान्याची फी घेतली जायची, पण ती माझ्या बॉलपर्यंत पोचायच्या आत तिचे कॉम्प्युटर झालेले असायचे. फाटके बॉल मी मार्केट यार्डाजवळच्या एका चांभाराकडून शिवून आणत असे. मुलं आलटून पालटून एकमेकांचे बूट घालायची. माझी तक्रार नव्हती. मैदान होतं, तोवर सगळं होतं.

मग एक दिवस प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मैदानावर कॉम्प्युटरची इमारत बांधायचं संस्थेच्या मनात आहे. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले की निर्णय झालेला नाही, अध्यक्षांचं म्हणणं एवढंच की तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही, मग जागा अडवून काय करायची. अध्यक्ष गावचे जुने शेतकरी. आमचं मैदान म्हणजे त्यांच्या वडिलांचा उसाचा तुकडा, कॉलेजसाठी दान दिलेला. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायचा प्रश्नच नव्हता. प्राचार्यांनी मात्र मार्ग काढला. शनिवारी आमचा सामना आमच्याच मैदानावर होता, तोही कॅम्पातल्या त्याच बड्या कॉलेजशी. अध्यक्षांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलवायचं आणि भरलेलं मैदान दाखवायचं. मैदान भरणार कसं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दुपारच्या तासांची हजेरी मैदानावर घेऊ."

मला ती युक्ती फार आवडली, हे इथेच सांगून टाकतो.

शनिवारी दुपारी मी स्वतः मैदानावर चुन्याची फक्की मारली. रेषा इतक्या सरळ आल्या की माझा मलाच अभिमान वाटला. आणि मुलं आली, खरोखर आली. कंपाउंडच्या भिंतीवर, झाडाखाली, सायकल स्टँडच्या पत्र्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. आमच्या सेंटर फॉरवर्डने आयुष्यात एवढी माणसं आपल्याला बघायला आलेली पाहिली नव्हती, तो मागे जाऊन ओकून आला. प्राध्यापकांनी हजेरी घेतली. दोन्ही संघ अंग गरम करून उभे राहिले. रेफरीने माझ्याकडे पाहिलं आणि मी गेटकडे.

पाहुणे आले नव्हते.

आता पाहुण्यांशिवाय सामना सुरू करायची आपल्याकडे रीत नाही. त्यांचा सत्कार व्हायचा, त्यांनी खेळाडूंशी हस्तांदोलन करायचं, पहिली किक मारायची, मग खेळ. शिवाय ज्यांना मैदान दाखवायचं तेच नसताना खेळायचं कुणासाठी? मी रेफरीला थोडं थांबायची विनंती केली. तो थांबला. मग पुन्हा केली. कॅम्पातल्या कॉलेजचे कोच घड्याळ बघून हसले आणि म्हणाले, आम्हाला काय, आम्ही थांबतो. हजेरी लागलेली मुलं मात्र थांबली नाहीत. आधी पत्र्यावरची उतरली, मग भिंतीवरची. मी गेटवर उभा राहून त्यांना अडवत होतो, आणि ती "सर, क्लास आहे, सर, बस आहे" म्हणत माझ्या बाजूने जात होती. कॉम्प्युटरचा क्लास, अर्थातच. कुणाला काय म्हणणार? मला रडायला येत होतं, खोटं कशाला सांगू.

ऊन पार कललं तेव्हा अध्यक्षांची गाडी आली. भला माणूस, आल्या आल्या हात जोडले. "उशीर झाला बगा सर. इंजिनियर नकाशे घेऊन बसला हुता, उठूच देईना." मी नकाशांकडे लक्ष दिलं नाही. मला सत्कार उरकायचा होता. पण प्राचार्यांनी भाषण केलं, मग अध्यक्षांनी केलं, शाल झाली, नारळ झाला. शेवटी पहिली किक बसली तेव्हा मैदानाभोवती जेमतेम प्राध्यापक, शिपाई आणि चणेवाला उरला होता.

आणि मग आमची पोरं अशी खेळली की विचारू नका. माझ्या एवढ्या वर्षांत आमचा संघ कधी तसा खेळला नव्हता. आमचा गोलकीपर हाच कॅप्टन, मांजरी गावाकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. त्याने काय काय अडवलं ते त्याचं त्यालाच माहीत. आणि ज्या सेंटर फॉरवर्डला उलटी झाली होती त्यानेच मध्यंतरानंतर गोल केला. मी ओरडलो. माझ्या ओरडण्याचा आवाज भिंतीवरून परत आला, इतकं मैदान रिकामं होतं. अध्यक्षांनी मात्र मनापासून टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने बॉल दिसेनासा झाला. दिवे आमच्याकडे कुठले असणार! रेफरीने शिट्टी मारून खेळ थांबवला आणि उरलेला सामना सोमवारी इथेच पुढे खेळवू म्हणाला, गोल आहे तो धरून. मला तेवढंच पुष्कळ वाटलं. सोमवारी वेळेवर सुरू करू, मुलांना पुन्हा बोलावू. तसाच पळत मी अध्यक्षांकडे गेलो आणि सोमवारीही यायची गळ घातली.

त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य आपल्या बुटांकडे बघत होते.

"सोमवारी कसं जमायचं, सर? सोमवारी हितं भूमिपूजन हाय," अध्यक्ष म्हणाले. "तारीख मागंच धरलीया."

मग आज कशाला आलात, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "तुमी मानानं बोलावलंत. न्हाई कसं म्हणायचं?"

जाताना सत्काराचा नारळ त्यांनी माझ्याच हातात दिला. सोमवारी लागेल, जपून ठेवा म्हणाले.

सोमवारी मैदान गच्च भरलं. हजेरी घ्यावी लागली नाही. मुलं आली, त्यांचे आईबाप आले, गाव आलं. कॉम्प्युटरच्या नव्या कोर्सचे फॉर्म मांडवातच मिळणार होते. प्राचार्यांच्या सूचनेप्रमाणे स्वागताला फुटबॉल संघ किट घालून दोन रांगांत उभा होता. माझी शनिवारची फक्की अजून पुसली नव्हती. खड्डा गोलसमोर, पेनल्टीच्या जागेच्या जरा अलीकडे खणला होता. मी जपून ठेवलेला नारळ भटजींना नेऊन दिला. तो एका फटक्यात फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या. हात खिशात घालून तरी किती वेळ उभं राहणार?

पेढे वाटप सुरू झालं तेव्हा रांग मोडून कॅप्टन माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. अंगात गोलकीपरची जर्सी, हातात नव्या कोर्सचा फॉर्म. तो खड्ड्याकडे बघत होता.

"सर," तो म्हणाला, "आपण अजून एका गोलनं पुढं हाय ना?"

हो म्हणालो. पुढेच आहोत.