नाक्यावरचे अकरा दिवस

माझ्या नवऱ्याला जव्हार संस्थानच्या जंगलनाक्यावर कारकुनाची जागा मिळाली, तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मोखाड्याकडून येणारा रस्ता जिथं संस्थानच्या हद्दीत शिरत होता, तिथं हा नाका. रस्त्यावर सागाचा आडवा ओंडका, त्याच्या एका टोकाला वजनासाठी दगड बांधलेला. बाजूला आमच्या दोन खोल्या आणि पलीकडे बाहेरगावच्या लोकांनी टेकावं म्हणून तिसरी. तिच्यात एक बाजलं, पाण्याचा माठ आणि भिंतीवर जंगलाचा हातानं काढलेला मोठा नकाशा. शिकारीला आलेले साहेब, मोजणीवाले, नुसते डोंगर बघायला आलेले हौशी लोक, सगळ्यांनी इथं थांबायचं, वहीत नाव लिहायचं, नकाशावर वाट समजून घ्यायची. मग ओंडका वर जायचा.

मी माठ भरून ठेवायची, खोली झाडायची आणि कोणी आलं की आत जायची. दाराआडून मला माणसांचे आवाज ओळखू यायचे, चेहरे मात्र कधी दिसले नाहीत. नकाशा रोज पुसून पुसून पाठ झाला होता. कुठं पाणवठा, कुठं चढ अवघड, धबधब्याला कुठल्या ओढ्याकाठानं जायचं, सगळं सांगता आलं असतं. मला कोणी विचारलं नाही. माझं माहेर वसईकडचं, माणसांनी भरलेलं. इथं काही दिवस तर नवरा आणि नाक्यावरचा शिपाई सोडून कोणी नजरेला पडत नसे.

दुसऱ्या वर्षी कार्तिकात नवऱ्याला हिवताप आला. तिसऱ्या दिवशी त्यांना उभंही राहवेना. जव्हारच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. बैलगाडीत त्यांना धरून बसायला शिपाई हवाच होता, आणि नाका उघडा टाकून चालणार नव्हतं. मला लिहिता-वाचता येत होतं. मी म्हटलं, "मी बघते."

गाडी हलली तेव्हा त्यांनी घोंगडीतून तोंड बाहेर काढलं. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "वही रोजची रोज लिही. अक्षर नीट काढ." एवढंच.

पहिल्याच दिवशी एक गाडी आली आणि ओंडका माझ्यानं उचलेना. जवळच्या पाड्यावरची एक बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली होती. तिनं मोळी खाली टाकली, दगडाच्या टोकाशी येऊन सगळा भार टाकला आणि ओंडका उचलला गेला.

"एकलीच काय गं बाय?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. त्या दिवसापासून ती संध्याकाळी येऊन आमच्या ओसरीवर निजायची आणि उजाडायच्या आत नागली कापायला निघून जायची. तिची बोली मला अर्धीच कळायची, माझी तिला तेवढीच. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायचो आणि गप्प बसायचो.

सहाव्या दिवशी दुपारी एक बैलगाडी थांबली. आत एक गृहस्थ आणि त्यांची बायको होती, साधारण माझ्याच वयाची. ती खाली उतरली, मला वही घेऊन उभी पाहून हसली. "अगंबाई, तुम्हीच का नाकेदार?"

बैल दमले होते. गृहस्थ झाडाखाली आडवे झाले. ती माझ्याबरोबर खोलीत आली. मी गुळाचं पाणी दिलं आणि नकाशावर धबधब्याची वाट दाखवली. कुठं पाय घसरतो तेही सांगितलं.

"तुम्ही किती वेळा गेलात?" तिनं विचारलं.

"एकदाही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "इथं करमतं का हो तुम्हाला?"

इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी तिच्याकडचं रिकामं भांडं घ्यायला हात पुढं केला. तिनं माझा हात हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. नंतर आम्ही लोणच्याबद्दल बोललो, तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाबद्दल बोललो. निघताना ती म्हणाली, "चार दिवसांनी परत याच वाटेनं. एक रात्र राहीनच तुमच्याकडे."

चौथ्या दिवशी मी खोली सारवली, बाजल्यावर माझं चांगलं लुगडं अंथरलं, भाकऱ्या जास्त थापल्या. ऊन उतरलं तरी रस्त्यावर कोणी नव्हतं. शेवटी जव्हारकडून एक गाडीवान आला, त्याला विचारलं.

"ते ना? ते सकाळीच दुसऱ्या वाटेनं खाली उतरले."

मी लुगडं घडी करून ठेवलं. भाकऱ्या मोळीवालीला दिल्या.

दुसऱ्या दिवशी नवरा परत आला, अंगात काही त्राण उरलं नव्हतं. त्यांनी आल्याबरोबर वही चाळली. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले. "कोणी त्रास दिला?"

"नाही."

"मग झालं तर."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "जाताना तुम्ही मला फक्त वहीचं सांगितलंत."

त्यांनी वही मिटली. मग वहीकडेच बघत म्हणाले, "दुसरं काही बोलायला गेलो असतो, तर गाडीतून उतरलो असतो मी."

मी त्यांच्यासाठी पेज टाकायला उठले. त्यानंतरही आम्ही फारसं बोलणारे झालो नाही. पण संध्याकाळी ते आता खुर्ची ओसरीवर आणून मी काम करीत असेन तिकडे तोंड करून बसायचे.

आणखी दोन वर्षांनी जव्हारच्या कचेरीत बदली झाली. तिथं घराला लागून घर, भिंतीपलीकडे भांड्यांचा, मुलांचा, बायकांच्या हसण्याचा आवाज. शेजारणी दारातून हाक मारायच्या, "या ना, बसा." मी जायची, बसायची, आणि काय बोलावं ते सुचत नसे. त्या वाट बघायच्या, मग आपापसात बोलायला लागायच्या. बोलण्याची सवय लागायला मला पुष्कळ वर्षं गेली. पुरती लागली असं आजही म्हणवत नाही.