सुपड्यातलं नाव

माझं नाव सुपडाबाई. हसायचं असेल तर हसून घ्या, मला सवय आहे. निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या संग्रामपुरात कुणीतरी हमखास माझ्या दुकानाच्या दारात येतो आणि ‘काकू, सुपडा साफ’ म्हणून दात काढतो. मी ब्लाउज शिवते, हातात कात्री असते, त्यामुळे तो फार वेळ थांबत नाही. दुकानाच्या पाटीवर मी नाव घातलेलंच नाही. नुसतं ‘लेडीज टेलर’ आहे, आणि गिऱ्हाईक येतं.

सुपडं म्हणजे धान्य पाखडायचं सूप. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पूर्वी प्रत्येक आळीत एखादा सुपडू, एखादी सुपडाबाई असायचीच. ज्या घरात पोरं जगत नसत, त्या घरात पुढचं पोर झालं की त्याला सुपड्यात घालून उंबऱ्याबाहेर सरकवायचं. आईनं चारचौघांत म्हणायचं, मला नको. शेजारच्या कुणी बाईनं उचलायचं. मग ते पोर तिचं. आई त्याला पाजणार, वाढवणार, पण दुसरीचं म्हणून. मरण दारात आलं तर त्याला वाटावं, या घरात न्यायला काही नाही. आता दवाखाने झाले, पोरं जगू लागली आणि हे नाव गेलं. गेलं ते बरंच झालं. माझ्यानंतर आमच्या गावात दुसरी सुपडाबाई झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

माझ्याआधी आईची तीन पोरं गेली होती. मला सुपड्यातून उचललं ते शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोनं. ते लोक गाद्या भरायचे, घरभर कापूस उडायचा. मी तिला अम्मा म्हणायची. ती सगळ्यांना सांगायची, ‘ये मेरी बेटी है, इनके घर में पलती है.’ पसाभर ज्वारी देऊन आईनं मला सांभाळायला परत घेतलं होतं. ईदेला माझे नवे कपडे अम्माकडून यायचे, आणि दिवाळीलासुद्धा तिच्याकडूनच. आई मला नवं काही घ्यायची नाही. गल्लीत कुणी म्हटलं, पोरगी गोड आहे हो, की आई लगेच म्हणायची, कायची गोड, काळं वांगं हाय नुसतं. मी तिथंच उभी असायची.

ताप आला तर आई मला उचलून दवाखान्यात धावली असं कधी झालं नाही. ती अम्माच्या दारात जाऊन उभी राहायची आणि सांगायची, ‘तुही पोरगी तापली वं.’ मग अम्मा बुरखा चढवून मला कडेवर घ्यायची आणि डॉक्टरकडे निघायची. आई मागून चालत यायची, परक्या बाईसारखी, दोन हात अंतर ठेवून. डॉक्टर विचारायचे, आई कोण? अम्मा म्हणायची, मी. आणि आई दाराशीच उभी.

माझ्यामागून भाऊ झाला. तो धडधाकट होता, तोवर घरावरचं सावटही गेलं होतं, म्हणून त्याला सुपड्यात घालायची गरज पडली नाही. त्याला देवाचं नाव मिळालं. त्याचे पापे घेतलेले मी पाहिले आहेत, त्याला ‘माह्या सोन्या’ म्हटलेलं मी ऐकलं आहे. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, फार राग यायचा. रीत काय होती ते मला ठाऊक होतं, पण रीत कळली म्हणून पोटातली आग थोडीच विझते.

शाळेत गुरुजींना माझी दया आली. त्यांनी हजेरीत परस्पर सुपर्णा असं नाव घातलं. मी आठवडाभर हवेत होते. त्याच आठवड्यात मला गोवर निघाला. आई शेतातून तशीच चिखलाच्या पायांनी शाळेत गेली आणि गुरुजींना अशी काही बोलली, की बिचाऱ्यांनी तिच्यासमोर नाव खोडून पहिलं लिहिलं. गोवर त्या वर्षी अर्ध्या शाळेला आला होता. पण आईला कोण सांगणार.

लग्नात तर तिनं कहर केला. आमच्याकडे नवरीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. माझ्यासाठी सासरच्यांनी फार सुरेख नाव काढलं होतं. मी मनात ते कितीदा म्हणून पाहिलं होतं. नवऱ्यानं पहिलं अक्षर काढलं आणि आई बायकांतून उठून पुढं आली. आयुष्यात पुरुषांसमोर मान वर न केलेली बाई मांडवात म्हणाली, ‘जावईबापू, एवढं नाव बदलू नोका. दुसरं काई मांगत नाई.’ लोक हसले. सासूबाईंचं तोंड उतरलं. माझा नवरा भला माणूस, त्यानं तळहातानं तांदूळ सारखे केले आणि विषय मिटवला. मी मात्र पाठवणीला आईच्या गळ्यात पडले नाही. अम्माच्या पडले.

आई गेली तेव्हा मी उशाशी होते. तेव्हाही ती मला ‘माझी’ म्हणाली नाही. मी वाट पाहत होते.

हे सगळं आता लिहायला बसले, त्याला कारण माझा भाचा. भावाचा मुलगा. तो बुलढाण्याला बँकेत आहे, बायको शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी त्यांना पहिली मुलगी झाली, तेव्हा जन्मल्या दिवशीच त्यानं सगळ्या नातेवाइकांना मोबाईलवर नाव पाठवलं. अर्थ, मूळ, आणि ‘हे नाव अत्यंत दुर्मिळ आहे’ असंही खाली होतं. मी त्या नावाचं दुपटं शिवायला घेतलं होतं. बारशाच्या आधीच ती पोर गेली.

या वर्षी दुसरी झाली. ही पण मुलगीच, चांगली गुटगुटीत. बारावा दिवस गेला, महिना गेला, दोन महिने उलटले, तरी नाव नाही. बारसं नाही, फोटो नाही, कुणाला पेढा नाही. भाच्याला बहीण नाही, म्हणून त्याच्या पोरीच्या कानात नाव सांगायचा मान माझा. त्याचा फोन आला, की आत्या, तूच ये आता आणि हिला समजाव, ही कुठल्याच नावाला हो म्हणून नाही राह्यली. दुकान बंद केलं, नांदुऱ्याला गाडी बदलली आणि राजूरचा घाट चढून बुलढाण्याला पोचले.

संध्याकाळी भाचा मोबाईल घेऊन बसला. एकेक नाव वाचायचा, अर्थ सांगायचा, कुठल्या भाषेतलं ते सांगायचा. सून बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत होती. तिचा चेहरा हसरा व्हावा म्हणून मी म्हटलं, माझं नाव टाक बरं, बघू काय अर्थ निघतो. त्यानं टाकलं. सुपं विकणाऱ्या दुकानांची चित्रं आली, घरपोच मिळणारी. आम्ही दोघं पोट धरून हसलो. सून हसली नाही. ‘आत्या,’ ती म्हणाली, ‘तुमचं नाव असं कसं पडलं?’

मी सांगितलं. जे वर लिहिलं ते सगळं. सांगताना मी चेष्टेच्या सुरात सांगत होते, माझी तीच पद्धत आहे. ती पापणी न हलवता ऐकत होती. मग माझ्या लक्षात आलं, की आल्यापासून मी एकदाही तिला बाळाला लाडानं हाक मारताना ऐकलं नव्हतं. पाजत होती, थोपटत होती, पण बोलत नव्हती. शेजारीण बाळ बघायला आली तेव्हा ही म्हणाली होती, काही नाही हो, रडकी आहे नुसती. शिकलेली बाई, मुलांना विज्ञान शिकवणारी, आणि तिच्या तोंडून माझी आई बोलत होती.

‘सुपडंच लागतं का?’ तिनं विचारलं.

मी असल्या गोष्टी मानत नाही. म्हणजे मानत नाही असं मी लोकांना सांगते. भाचा तर उसळलाच, काय अंधश्रद्धा लावली म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस बे, तुला पाजायला लागत नाही. सकाळी त्याला बाजारात पिटाळलं. शहाणा प्लास्टिकचं सूप घेऊन आला, हिरव्या रंगाचं. म्हटलं, यात शेंगा पाखड तू, पोरगी नाही घालायची. पुन्हा पाठवला. मग बुरडाकडून बांबूचं घेऊन आला, शेणानं सारवलेलं नव्हतं, पण म्हटलं चालेल, एवढं काही मरणाला कळत नाही.

दार उघडलं. मी बाहेर, जिन्यापाशी बसले. तिनं बाळाला सुपड्यात ठेवलं आणि उंबऱ्यापर्यंत आणलं. आता तिनं म्हणायचं होतं. वरच्या मजल्यावरचे एक काका पिशवी घेऊन जिना उतरत होते, ते तिथंच थबकले. शेवटी ती म्हणाली, ‘मला नको.’ एवढंच. मी सुपड्याला हात घातला तर ते सरकेना. तिनं दोन्ही हातांनी कड धरून ठेवली होती, बोटं पांढरी पडली होती. तोंड म्हणत होतं नको, आणि हात सोडत नव्हते. मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

माझ्या आईची बोटं अम्मानं सोडवली असतील का? हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मला एवढंच सांगितलं होतं, की आई म्हणाली, मले नोको.

बाळाला मी छातीशी घेतलं, आत आणलं, आणि पसाभर ज्वारी घेऊन सुनेला सांभाळायला दिलं. मग सूनच म्हणाली, ठेवा आता नाव. त्याच्या यादीतलं एक तिला पहिल्यापासून आवडलं होतं, फक्त बोलायची हिंमत नव्हती. मी बाळाच्या कानात तेच सांगितलं. माझं नाही सांगितलं. माझं नाव माझ्याबरोबर जाऊ द्या.

दुपारी सगळं आवरल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. ‘आत्या, आता हिला मी माझी म्हणायचं नाही ना कधी?’

रीतीप्रमाणे नाहीच म्हणायचं. माझ्या आईनं नाही म्हटलं, मरेपर्यंत नाही म्हटलं. मी सुनेकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले होते, आणि माझ्यानं राहवलं नाही.

‘म्हन,’ मी म्हटलं. ‘खुशाल म्हन, पाह्यजे तेवढ्यांदा म्हन. पोरगी माही हाय. जे यायचं आसन थे माह्या दारात येईन, मी पाह्यतो त्याच्याकडं.’

तिनं बाळाला उचललं. त्याच्या गालावर, कपाळावर, पायांच्या तळव्यांवर ओठ टेकवले आणि म्हणू लागली, माझी, माझी बाई, माझी सोन्याची. थांबेचना. मी चहाचं निमित्त करून आत गेले, गॅस पेटवला आणि ओट्याला धरून मोठ्यानं रडले. साठ वर्षं जे ऐकायला बसले होते, ते त्या घरात कुणीतरी आपल्या पोरीला म्हणत होतं, आणि आईलाही तेच म्हणायचं होतं, हे मला आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती.